जिथे कोणी नसेल तिथे

दादाच्या पत्राच्या माथ्यावर नेहमी 'श्री' असायचं. शाळामास्तर असल्यामुळे तो ते दोन्ही बाजूंना उभ्या रेघा ओढून, अगदी मधोमध काढायचा. त्या फेब्रुवारीत आलेल्या एरोग्रामवर, निळ्या घडीच्या हवाई पत्रावर, ते नव्हतं. अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या खाली टपालपेट्यांची रांग होती. तिथेच उभी राहून, हातमोजे दातांनी ओढून काढून मी तो उघडला, आणि पहिली ओळ वाचण्याआधीच मला कळलं की आई गेली.

तरी मी चार ओळी वाचल्या. आई बुधवारी पहाटे गेली, फार त्रास झाला नाही. तार मुद्दाम केली नाही, कारण तार हातात पडली की तू तिकडे घाबरशील, आणि तसंही तुझं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. धीर धर. चौथी ओळ 'धीर धर' इथे संपत होती. मग मी ते पत्र उभं फाडलं, तुकडे एकावर एक ठेवून आडवं फाडलं, आणि पुन्हा एकदा उभं.

असं का केलं ते सांगायला हवं. आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी घेऊन आलेलं कार्ड घरात ठेवत नसत. पोस्टमन कार्ड देऊन गेला की आई ते दारातच उभी राहून वाचायची. वाचून झालं की तिथल्या तिथे फाडायची, तुकडे उंबऱ्याबाहेर टाकायची आणि मग आम्हा दोघांना आंघोळीला पिटाळायची. कोण गेलं हे आम्हाला डोक्यावर पहिला तांब्या ओतताना कळायचं. लांबचे आजोबा असोत की सख्खी आत्या, कार्डाचं हेच व्हायचं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, तसंच हे.

पण पोस्टकार्ड चार ओळींचं असतं. एरोग्रामला तीन घड्या असतात, आणि दादा तर समासातसुद्धा लिहितो. पोस्टकार्डाचा नियम मी एरोग्रामला लावला आणि बाकीचं सगळं पत्र न वाचता फाडून मोकळी झाले.

तुकडे बाहेर टाकायला गेले तर कचऱ्याच्या मोठ्या डब्याचं झाकण बर्फाने घट्ट बसलेलं. घरातल्या डब्यात टाकणं मनाला पटेना. म्हणून मी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकले, उद्या कामावर जाताना कुठेतरी टाकू म्हणून. मग वर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि कुकर लावला.

नवरा संध्याकाळच्या गाडीने आला. मी त्याला अरेतुरे करते, हे आईला शेवटपर्यंत पसंत पडलं नव्हतं. त्याने बूट काढायच्या आत मी सांगितलं, "आई गेली. दादाचं पत्र आलं."

तो तसाच एका पायात बूट ठेवून खुर्चीवर बसला. माणूस चांगला आहे. त्याने विचारलं, "आणखी काय लिहिलंय?"

"एवढंच," मी म्हटलं.

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण आईने शेवटचे दिवस काय खाल्लं, उशाशी कोण होतं, तिने माझं नाव काढलं की नाही, हे मला दादाच्या त्या बारीक, सरळ रेषेतल्या अक्षरात वाचायचं नव्हतं. वाचलं नाही म्हणजे तिथे काही लिहिलेलंच नाही, असा माझा हिशेब होता. नवरा म्हणाला, दादांच्या घरासमोरच्या डॉक्टरांकडे फोन लावूया, ते त्यांना बोलावतील. मी म्हटलं, आता कशाला, सगळं होऊन गेलं असेल. आणि ते मला खरंच पटलेलं होतं.

लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं. ते मी पाळलं. देवाला हात लावला नाही, गोड केलं नाही. रडू काही आलं नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि सुतक संपलं. पाचव्या दिवशी आम्हाला विमानाने व्हर्जिन बेटांवर जायचं होतं.

ती सहल वर्षभर आधी ठरलेली. नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब साठीला आलेले अमेरिकन गृहस्थ होते आणि त्यांना शिडाच्या बोटीचं वेड होतं. दर हिवाळ्यात ते आठवडाभर बोट भाड्याने घेऊन, आपली आपण चालवत, तिथल्या बेटांमधून हिंडायचे. त्या वर्षी त्यांनी आम्हाला दोघांना बोलावलं. नवऱ्याला पोहता येत नाही, मला तर बाथटबसुद्धा आवडत नाही, पण साहेबांनी बोलावलं म्हणून आम्ही हो म्हणून बसलो होतो.

"कॅन्सल करू का?" नवऱ्याने विचारलं. "मी त्यांना सांगतो, फॅमिलीमध्ये डेथ झालीय."

"नको," मी म्हटलं. "त्यांना काही सांगूसुद्धा नकोस. उगीच त्यांच्या सुट्टीत मिठाचा खडा."

माझं मोठं मन वगैरे काही नव्हतं. घरी बसले काय आणि बोटीत बसले काय, मला दोन्ही सारखंच होतं. स्वेटर काढून ठेवले, सुती पंजाबी ड्रेस भरले, मेतकूट आणि भाजके पोहे घेतले. पर्स तीच होती.

बोटीवरचे पहिले तीन दिवस मला आठवतात, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी फोटो पाहिल्यासारखे. पाणी हिरवं होतं, मग निळं होतं. साहेबांच्या पत्नी, पांढरे केस कापलेल्या, उन्हाने रापलेल्या, सतत कामात असलेल्या बाई, मला हाक मारून डॉल्फिन दाखवायच्या. मी बघायचे. डॉल्फिन असायचे. मी "सुंदर" म्हणायचे. त्या मला पाण्यात उतरायचा आग्रह करायच्या, बोटीच्या मागच्या शिडीवर उभं राहिलं तरी चालेल म्हणायच्या, आणि मी मान हलवायचे. नवरा दोन दिवस उलट्या करत होता. त्याची पाठ चोळताना माझ्या मनात फक्त एवढंच यायचं की याचं ओकणं संपलं की मी जाऊन आडवी होईन.

लोक म्हणतात दुःखाने जीव जळतो. माझं काहीच जळलं नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल आपल्या हाताला परका लागतो, तेवढंच. मला त्याचा रागसुद्धा यायचा, की आई गेली आणि लेकीला भूक लागते, झोप येते. पण रागही फार वेळ टिकत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि चष्मा कपाळावर चढवून आम्हाला समजावलं. आज मुक्कामाला दोन जागा आहेत. एक म्हणजे गावाचं बंदर. तिथे बर्फ मिळेल, गोड्या पाण्याची आंघोळ करता येईल, फोन आहे, मात्र बोटी फार, आणि धक्क्यावर गाणीबजावणी चालते. दुसरी म्हणजे अलीकडच्या बेटाच्या पोटातली एक खाडी. तिन्ही बाजूंनी डोंगर, तोंडाशी प्रवाळाचे खडक, आत जायला अरुंद वाट. वस्ती नाही. तिथे वारासुद्धा येत नाही.

त्यांचा ओढा खाडीकडे होता हे नकाशावर तिथेच टेकलेल्या त्यांच्या बोटावरूनच कळत होतं. बाईंना बर्फ आणि आंघोळ हवी होती. नवऱ्याला जमीन हवी होती, कुठलीही. दोन विरुद्ध एक झालं. तेव्हा साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ही चार दिवसांत एक शब्द बोललेली नाही, आज हीच ठरवेल.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "जिथे कोणी नसेल तिथे."

साहेब खूश झाले. त्यांनी नकाशाची घडी घातली आणि सुकाणू हातात घेतलं.

खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा चार वाजले असतील. साहेब सुकाणूवर आणि बाई अगदी पुढे टोकाशी उभ्या. पाणी तपकिरी दिसलं की खाली खडक, निळं दिसलं की खोल, असं बाई हाताने डावीकडे उजवीकडे दाखवत होत्या आणि साहेब त्या हाताप्रमाणे बोट वळवत होते.  एकदा आत गेल्यावर मात्र सगळं एकदम थांबलं. वारा गेला, शिडं उतरवली, नांगराची साखळी खडखडत खाली गेली आणि मग काही नाही. डोंगरावर बुटकी काटेरी झाडं होती. एक पेलिकन पक्षी पाण्यावर बसला होता. दुसरी बोट नव्हती. जागा मी मागितली होती तशीच मिळाली.

बाईंनी स्वयंपाकाला सुरुवात केली. बोट एका जागी उभी राहून संथ डुलायला लागली आणि नवऱ्याचं पोट पुन्हा ढवळलं. तो म्हणाला, "तुझ्या पर्समध्ये ती सिकनेसची गोळी आहे का बघ ना यार, माझ्या संपल्या."

मी केबिनमध्ये जाऊन पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट आतल्या कप्प्यात होतं आणि त्याच्या भोवती निळे तुकडे. आठ दिवस ते माझ्या खांद्याला लटकत होते आणि मला त्यांची आठवणसुद्धा नव्हती. गोळी वर नेऊन दिली. मग खाली येऊन पहिल्यांदा डोक्यात आलं की हे आता समुद्रात टाकावेत, इथे उंबरा नाही, घर नाही. हातात घेतले. एका तुकड्यावर दादाच्या अक्षरात 'तुझ्यासाठी' एवढंच दिसलं.

तो एक शब्द नसता दिसला तर मी टाकले असते.

नकाशाच्या टेबलावर मी ते जुळवायला घेतले. आठच तुकडे होते, पण दोन्ही बाजूंनी लिहिलेले, त्यामुळे एक बाजू जुळवून वाचायची, मग एकेक उलटा करून पुन्हा मांडायचा. वरच्या चौकोनी खिडकीतून अजून उजेड येत होता. वर बाईंच्या हातून काहीतरी परतल्याचा वास येत होता. मी वाचत गेले.

आईने शेवटचे चार दिवस पेजेशिवाय काही घेतलं नाही. माझा फोटो तिने उशीखाली ठेवायला सांगितला होता. आणि मंगळवारी रात्री, नीट शुद्धीत असताना, तिने दादाला सांगितलं की तुझी बहीण आल्याशिवाय मला नदीत सोडू नकोस. दोघं मिळून सोडा. दादाने लिहिलं होतं, म्हणून अस्थी तुझ्यासाठी ठेवल्या आहेत. घाटावरच्या देवळामागे पिंपळाला तांब्या बांधून ठेवला आहे, रोज संध्याकाळी जाऊन बघून येतो. वडीलधारे म्हणतात की फार दिवस टांगून ठेवू नयेत. म्हणून येत्या अमावास्येपर्यंत थांबतो. तोवर डॉक्टरांकडे नुसता फोन कर की निघते आहेस, मग महिनाभर लागला तरी ठेवेन, कुणाचं ऐकणार नाही. फोन नाही आला तर समजेन की तुला जमण्यासारखं नाही. त्यात राग नाही. अमावास्येला सकाळी, ऊन आलं की नदीवर जाईन.

समासात उभं लिहिलं होतं, 'तू येशील असं आई धरून चालली होती.'

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अमावास्या कधी ते मला माहीत नव्हतं. एडिसनच्या घरी भिंतीवर दिनदर्शिका होती, इथे काय असणार? मग टेबलावरच साहेबांचं भरती-ओहोटीचं छोटं पुस्तक दिसलं. त्यात रोजच्या तारखेपुढे भरतीच्या वेळा होत्या आणि चार ठिकाणी चंद्राची छोटी चित्रं. उद्याच्या तारखेपुढे काळं भरलेलं वर्तुळ होतं.

मी घड्याळ बघितलं. सव्वासहा झाले होते. आमच्याहून तिकडचं घड्याळ साडेनऊ तास पुढे. म्हणजे तिकडे 'उद्या' सुरू झालेला होता, पावणेचार वाजले होते. दादा पाचला उठतो. ऊन यायला सात. माझ्या हातात सव्वातीन तास होते, आणि फोन ज्या गावात होता ते गाव मी दुपारी नको म्हणून सांगितलं होतं.

मी वर गेले. नवरा नुकता कुठे सावरून बसला होता. मी मराठीतच म्हटलं, "दादाने अस्थी माझ्यासाठी ठेवल्यात. मी आज फोन केला नाही तर उद्या सकाळी सोडेल. तिकडची सकाळ. म्हणजे आत्ता."

"आज? पण पत्र तर…" तो थांबला. "तू म्हणालीस एवढंच लिहिलंय."

"मी पुढे वाचलंच नव्हतं."

 चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच म्हटलं, "आधी सांगायचंस ना गं," आणि उठून साहेबांना इंग्रजीत सगळं सांगितलं. आई गेल्याचं त्यांना तेव्हाच कळलं. बाईंच्या हातात उलथनं होतं, ते त्यांनी हळूच खाली ठेवलं.  साहेबांनी सरळ खाली जाऊन रेडिओ सुरू केला. त्या रेडिओवरून बंदरातल्या ऑपरेटरला बोलावता येतं आणि तो फोन जोडून देतो, असं बाई माझा दंड धरून सांगत होत्या.

रेडिओतून फक्त खरखर आली. साहेबांनी पुन्हा पुन्हा बोलावलं. आवाज अगदी शांत, दर वेळी तेच शब्द. पंधरा मिनिटांनी त्यांनी बोटाने डोंगर दाखवले. ज्या डोंगरांनी वारा अडवला होता, त्यांनी रेडिओही अडवला होता. बाहेर मोकळ्यावर गेलं तर कदाचित लागेल, ते म्हणाले, आणि वर जाऊन खाडीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

तिकडचा सूर्य जसा ठरल्या वेळी येतो तसा इकडचा ठरल्या वेळी जातो. पाण्याचा रंग गेलेला होता. तपकिरी कुठलं आणि निळं कुठलं हे आता कुणालाच दिसत नव्हतं. चांदणं असतं तर प्रयत्न केला असता, असं ते म्हणाले. चांदणं कुठून असणार? मी त्यांना म्हटलं, नको. चौघांचा जीव आहे. हे मात्र मी खरंच मनापासून म्हटलं.

उजाडताच निघू, ते म्हणाले. मी हो म्हटलं.

बाईंनी ताटल्या वाढल्या आणि कुणी खाल्लं नाही. नवरा माझ्या शेजारी येऊन बसला. मी घड्याळ मांडीवर काढून ठेवलं. आठ वाजता तिकडे साडेपाच झाले, दादाची आंघोळ झाली असेल. पावणेनऊला तो चहा घेऊन निघाला असेल. घाट घरापासून लांब नाही. पिंपळाची गाठ त्याला एकट्याला सुटते का, की गुरुजी बरोबर असतील, एवढाच एक विचार माझ्या डोक्यात घोळत होता. गाठ नायलॉनच्या दोरीची असेल तर ती लवकर सुटत नाही.

साडेनऊ झाले. मी नवऱ्याला म्हटलं, "मला आंघोळ करायची आहे."

"इथे?"

"बातमी मला आज कळली," मी म्हटलं.

बोटीवर गोडं पाणी मोजकंच होतं. डेक धुवायची एक कॅनव्हासची बादली होती, दोरी बांधलेली. नवऱ्याने ती खाली सोडून भरून घेतली. मी बोटीच्या मागच्या टोकाला, शिडीपाशी बसले आणि त्याने ती माझ्या डोक्यावर ओतली. मग दुसरी, मग तिसरी. पाणी कोमट होतं, खारट होतं. डोळे चुरचुरले, तेव्हा मला वाटलं आता रडू येईल, पण ते नुसतं मीठच होतं. बाईंनी टॉवेल आणून दिला. चार दिवस त्या मला पाण्याकडे ओढत होत्या.

त्यानंतर मी खाली जाऊन झोपले. आठ दिवसांत पहिल्यांदा इतकी गाढ झोपले की नांगर उचलल्याचा आवाजसुद्धा ऐकला नाही. उठले तेव्हा बोट बाहेर, मोकळ्यावर, वाऱ्यात होती.

गावात पोचायला साडेनऊ झाले. धक्क्याजवळच्या टेलिफोन कचेरीत लाकडी खोके होते, ऑपरेटर फोन लावून मिळेपर्यंत बाहेर बाकावर बसायचं. तास गेला. तिकडे रात्रीचे आठ वाजले असतील तेव्हा डॉक्टर फोनवर आले, आणि त्यांनी दादाला बोलावून आणेपर्यंत मी रिसीव्हर कानाला लावून त्यांच्या घरातली भांड्यांची खुडबुड ऐकत होते. नवरा खोक्याच्या उघड्या दारात उभा होता.

"कोण, तू?" दादा धापा टाकत होता. "अगं, आज सकाळीच सोडल्या."

"हो," मी म्हटलं.

"दहापर्यंत थांबलो मी घाटावर. डॉक्टरांकडे सांगून ठेवलं होतं, फोन आला तर कुणाला तरी पाठवा. गुरुजी म्हणायला लागले, आता उशीर होतो. मग सोडल्या."

तिकडचे दहा म्हणजे आमचे साडेबारा. त्या वेळी मी खाडीत गाढ झोपले होते.

"पत्र कधी मिळालं तुला?" त्याने विचारलं.

त्याचा आवाज अगदी साधा होता. त्यात खोच नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नवरा माझ्याकडे बघत होता. कुणीतरी बाहेर बर्फाच्या लाद्या ढकलत नेत होतं.

"काल," मी म्हटलं. "काल संध्याकाळी."

"वाटलंच मला," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज ओझं उतरून सुटल्यासारखा झाला. "म्हटलं, पत्र मिळालं असतं तर ही फोन केल्याशिवाय राहिली नसती. आईला मी तसं सांगितलंसुद्धा आज, सोडताना. की पत्र पोचलं नसणार."

मी रिसीव्हर ठेवला. बाहेर येऊन आम्ही बर्फ घेतला, बाईंसाठी. नवऱ्याने त्या 'काल'बद्दल तेव्हा काही विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

दादाने मात्र ते पत्र सोडलं नाही. गावात, नात्यात, जो भेटेल त्याला तो सांगत राहिला की टपालखात्याच्या कारभारापायी माझ्या बहिणीला आईच्या अस्थींना हात लावता आला नाही. मी दोन वर्षांनी घरी गेले तेव्हा बायका माझा हात हातात घेऊन टपालखात्याला नावं ठेवत होत्या. मी मान हलवत होते. आता सांगू, उद्या सांगू, असं माझं चाललं होतं, आणि दर खेपेला दादाचा तो सुटलेला आवाज आठवायचा. मी खरं सांगितलं तर आईला त्याने नदीवर जे सांगितलं ते खोटं ठरणार होतं.

पण ते पुढचं. सहलीहून आल्यावर महिन्याभरातच त्याचं पुढचं पत्र आलं होतं. माथ्यावर 'श्री' होतं. त्याने लिहिलं होतं की मी हेड पोस्टात रीतसर तक्रार करणार आहे. तुझ्याकडचं ते पत्र पाठव, त्यावर तिकडच्या टपालाचा शिक्का असला तर तारीख सिद्ध होईल.

तुकडे माझ्या कपाटात होते. जुळवून, मागून पारदर्शक पट्टी लावून ठेवलेले, दुसऱ्या पाकिटात. ते समोर ठेवून मी उत्तर लिहिलं. लिहिलं, की दुःखाचं पत्र घरात ठेवत नाहीत, म्हणून वाचलं आणि फाडून टाकलं.

दादाचं उत्तर आलं. नेहमीसारखंच, समासापर्यंत भरलेलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'योग्य तेच केलंस, आईनेही हेच केलं असतं.'

ते पत्र मात्र मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.